आधी आकडा

आमच्या सरांना फोनवर 'हॅलो' म्हटलेलं चालत नसे. हॅलो म्हणणाऱ्याचा फोन ते सरळ ठेवून देत. माणूस ओळखीचा असला तर तो पुन्हा फोन करी, या खेपेला आधी आकडा सांगे, 'चार' किंवा 'सहा', आणि मगच त्याचं बोलणं सुरू होई. अनोळखी माणसं दोनतीनदा खटपट करून नाद सोडत. प्रवेशाची चौकशी करणारे निम्मे लोक असेच गळाले असणार. खालच्या मजल्यावर शेवेचं दुकान चालवणारे शेठजी आमच्या क्लासचेही मालक होते. ते जिना चढून, धापा टाकत येत आणि म्हणत, "सर, धंदा डुबाओगे क्या मेरा?" त्यावर सर अगदी शांतपणे सांगत, "शेठजी, ज्याला आधी आकडा सांगता येत नाही तो नेटवर्किंग काय खाक शिकणार?"

चार म्हणजे नेहमीचं. ऐका, उत्तर द्या, कामाला लागा. सहा म्हणजे वेगळं. हातातलं खाली ठेवा, बसा, मग ऐका. सहा म्हणजे वाईटच असं नव्हे, हे ते पुन्हा पुन्हा बजावत. बहिणीचं लग्न ठरल्याचे पेढे घेऊन आलेल्या एका मुलाला त्यांनी दारातच अडवलं, "सहा म्हणा आधी, भिया" असं त्याच्याकडून म्हणवून घेतलं, खुर्चीत बसले आणि मगच पेढ्याला हात लावला. पण सरांसारख्या माणसाला कुठलीही नवी बातमी आधी वाईटच वाटायची. बाहेर कुणी चपला जोरात काढल्या तरी त्यांच्या कपाळावर आठ्या पडत.

भित्रे तरी किती असावेत! खिशात पेनाशेजारी कायम टेस्टर. सकाळी आल्यावर प्रत्येक कॉम्प्युटरच्या डब्याला टेस्टर लावून पाहिल्याशिवाय कुणाला हात लावू देत नसत. दिवा जरा फडफडला की दोन्ही हात वर करत, की आम्ही सगळ्यांनी कीबोर्डवरून हात उचलायचे. निघताना मेन स्विच बंद करत, जिना उतरत, परत चढत, स्विच पाहत, पुन्हा उतरत, आणि खालून मला पाठवत, "जरा बघून येता का?" मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि नंतर तिथेच शिकवायला मदत करू लागले, त्यामुळे तो जिना मी पुष्कळ चढले. एरवी ते मला 'तुम्ही' म्हणत. फार घाबरले की 'बेटा' म्हणत. तेवढ्यावरून मला हवामान कळायचं.

आणि एक. 'सगळं ठीक आहे' हे शब्द ते आपणहून कधी उच्चारत नसत. दृष्ट लागते म्हणायचे. 'कसे आहात, सर?' असं विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "विचारलंत म्हणून सांगतो, चार." ते 'विचारलंत म्हणून' कधीही सुटायचं नाही. जबाबदारी विचारणाऱ्यावर टाकून ते मोकळे होत.

नव्वदच्या दशकाची अखेर होती ती. इंदुरातल्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या होत्या किंवा पडत होत्या, आणि जिथे तिथे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. सरही गिरणीतलेच. तिथल्या ऑफिसात पगाराचा कॉम्प्युटर होता, तो ते सांभाळत. गिरणी गेल्यावर स्वतःच पुस्तकं आणून नेटवर्किंग शिकले आणि आम्हाला शिकवू लागले. आमच्याकडे काळ्या केबलनं एकमेकांना जोडलेली तीन जुनी मशिनं होती आणि कर्कश आवाज करणारा एक प्रिंटर. सर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनला निरोप पाठवायला लावत, वाटेत तो पकडत, आणि त्याचे आकडे कागदावर छापून आमच्यासमोर ठेवत. कागदभर नुसते आकडे आणि मधूनमधून इंग्रजी अक्षरं. आम्ही त्याकडे बघत बसायचो.

"काय दिसतं?" सर विचारत.

"काहीच नाही, सर."

"बरोबर. मशीनला पण काहीच दिसत नाही. त्याच्यासाठी तर सगळी एकसारखीच रांग आहे ना भिया, शून्य-एक, शून्य-एक. पत्ता कुठे सुरू होतो, मजकूर कुठे, त्याला काय माहीत? म्हणून निरोपाच्या पाकिटाच्या अगदी डोक्यावर, पहिल्या चार बिटांत, एक आकडा असतो. व्हर्जन, म्हणजे पाकीट कुठल्या पद्धतीचं ते. त्याच्या आधी काही नाही." लाल पेनानं ते पहिल्या आकड्याभोवती गोल काढत. आमच्या प्रत्येक कागदावर तिथे चार असायचा. "चार दिसला की मशीनला कळतं, पत्ते इथे आहेत, एवढे लांब आहेत. उद्या सहा येणार आहे. त्यात पत्ते चौपट लांब, जागा वेगळ्या, सगळंच वेगळं. सहावाला चार समजून वाचला तर काय होईल? पत्त्याच्या मधलाच एखादा तुकडा पत्ता म्हणून उचलाल आणि पाकीट पाठवाल भलत्याच गावाला."

हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. सहा तेव्हा आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता, तो फक्त पुस्तकात होता. पण सर त्याच्या येण्यानं आतापासूनच बेचैन. जगातली जुनी मशिनं आकडा न बघता सगळं चार समजूनच वाचत असतील, ही त्यांना खरीखुरी काळजी होती. "लोक बघतच नाहीत यार," ते म्हणत, "रोज चार येतो म्हणून आजपण चारच असेल, असं धरून चालतात."

एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, चारनंतर डायरेक्ट सहा? पाँच का क्या हुआ?"

"पाच होता ना. आवाज आणि चित्र पाठवायच्या एका प्रयोगाला दिला होता. तो प्रयोग काही चालला नाही, पण आकडा वापरला गेला तो गेलाच. परत कुणाला देत नाहीत." मग ते म्हणाले, "पाच म्हणजे आम्ही गिरणीवाले. नंबर मिळाला, काम नाही राहिलं." वर्ग हसला. सर हसले नाहीत, खडू शोधू लागले.

मी महूहून रोज बसनं यायचे. आजोबा तिथल्या पलटणीत होते, तेव्हापासून आम्ही महूचे. घरात बुद्धाची तसबीर, दारावर आडनावाची पाटी, आणि ते आडनाव सांगितल्यावर समोरच्याचा सूर कसा बदलतो याचा मला पुरेसा अनुभव होता. इंदुरात कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न तोच असायचा, कधी सरळ, कधी 'मूळ गाव कुठलं' असा वळसा घेऊन. क्लासला नाव घालायला गेले तेव्हा मी ते उत्तर तोंडात तयार ठेवून जिना चढले होते. सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "चार की सहा?" मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलेलं आहे. मग त्यांनी दोन्हींचा अर्थ सांगितला. मी जरा विचार करून म्हणाले, "सहा." ते खुर्चीत नीट बसले, हातातला टेस्टर खाली ठेवला आणि म्हणाले, "बोला." इतक्या लक्षपूर्वक माझं बोलणं त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. आडनाव त्यांनी पुढेही कधी विचारलं नाही. बाहेरच्या आकड्यानं कसं ऐकायचं तेवढं कळतं, आत काय आहे ते ऐकल्यावरच, असं ते पाकिटांबद्दल नेहमी म्हणायचे. मी ते माझ्यापुरतं ठेवून घेतलं.

हे चार-सहाचं वेड त्यांना पुस्तकातून लागलं असं मी बरेच दिवस समजत होते. खरं कारण भोंगा. एकदा लाइट गेली होती, आम्ही अंधुक खोलीत बसलो होतो, तेव्हा त्यांनी सांगितलं. गिरणी बंद झाली त्या सकाळी भोंगा नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखाच वाजला होता. कुणी वाजवला, का वाजवला, देव जाणे. हाताला सवय असेल. सर डबा घेऊन निघाले, आळीतली चारपाच माणसं बरोबर होती, गप्पा चालल्या होत्या. गेटवर पोचले तर कुलूप आणि कागद.

"भोंग्यानं काय सांगितलं? 'या.' रोजचंच सांगितलं," सर म्हणाले. "आधी कळलं असतं की आजचा वेगळा आहे, तर मी घरीच बसून ऐकला असता. हातात डबा घेऊन, लोकांच्या समोर नसता ऐकला."

त्या दिवसापासून घरी आणि दारी आधी आकडा. घरी काकूंनी, सरांच्या पत्नीनं, मात्र हे कधीच मनावर घेतलं नाही. "तुमचं चार-सहा राहू द्या तिकडे, पोहे गार होतायत," एवढंच त्या म्हणायच्या. सरांना तेही चालायचं. काकूंचा चेहरा बघून त्यांना आकडा कळत असावा.

कारण चेहऱ्याबद्दलही त्यांचं एक म्हणणं होतं, आणि तेसुद्धा पाकिटांवरूनच आलेलं. आपल्या केबलवरून पाकीट एकटं जात नाही, एका लिफाफ्यात घालून जातं, आणि आत चार आहे की सहा याची खूण त्या लिफाफ्यावरही वेगळी असते. म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते, बाहेर एकदा आणि आत एकदा. मुलं विचारायची, दोनदा कशाला? "लोक आतला आकडा बघत नाहीत ना, म्हणून," सर म्हणायचे. "दोन्ही जुळले तर उघडा. नाही जुळले तर समजा काहीतरी गडबड आहे." परीक्षेत हा प्रश्न हमखास असायचा. माणसाच्या बाबतीत लिफाफा म्हणजे चेहरा, असं ते म्हणत.

सरांच्या सगळ्या काळजीचं मूळ आणि टोक मुन्ना. त्यांचा एकुलता एक मुलगा. पोलोग्राउंडमधल्या एका कारखान्यात तो खरादावर, म्हणजे लेथवर, काम करायचा. तो कारखाना गिरण्यांसाठी सुटे भाग बनवायचा, गिरण्या गेल्या तसा तोही गेला. मग मुन्ना एका माणसाची लोडिंग गाडी चालवू लागला. इंदूरचा माल महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत न्यायचा, तिकडून दुसरा माल भरून आणायचा. वाटेत मानपुरचा घाट. त्या रस्त्यानं महूचे आम्ही लहानपणापासून जायचो, तेव्हा तो घाट मला ठाऊक होता. उलटलेले ट्रक, तुटलेले कठडे, वळणावर हात जोडणारे ड्रायव्हर. सरांनी तो फक्त एकदा पाहिला होता आणि त्यांना तेवढा पुरला होता.

मुन्नाशी ठरलेलं असं होतं की परत येताना घाट चढून झाला की मानपुरच्या पीसीओवरून क्लासच्या फोनवर कॉल करायचा, 'चार' म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. त्याच्या फेरीच्या दिवशी सर फळ्यावर लिहीत असत पण कान फोनकडे. वाक्यं अर्धवट सुटायची. मुलांना ते माहीत होतं, कुणी हसत नसे. फोन वाजला की सर खडू टाकून धावत. "चार," पलीकडून आवाज येई, आणि सरांचे खांदे खाली येत. मग ते पुढे असं काही रंगून शिकवत की आम्ही मनातल्या मनात मुन्नाभियांचे आभार मानायचो.

त्या दिवशी दुपार होत आली तरी फोन आला नव्हता. सरांनी एकच आकृती दोनदा काढली. मग फोन वाजला. सरांनी धावत जाऊन उचलला.

"हल्लो, भाईसाब..."

सरांनी ठेवून दिला. "कोण आहेत हे लोक, यार," ते पुटपुटले. "लाइन मोकळी ठेवायला पाहिजे. मुन्नाचा फोन यायचाय."

लगेच पुन्हा वाजला. पुन्हा तोच 'हल्लो', पुन्हा सरांनी आदळला. तेवढ्यात एका मुलाच्या मशीनची केबल निसटली आणि सर तिकडे टेबलाखाली वाकले. तिसऱ्यांदा वाजला तो मी उचलला.

"रखना मत, बेनजी, रखना मत! मानपुर से बोल रिया हूँ, पीसीओवाला. वो मुन्ना भिया की गाड़ी घाट में पलट गई है."

मी सरांकडे पाठ केली.

"जिंदा है, बेनजी, घबराओ मत. पैर बहुत खराब है. महू के अस्पताल ले जा रहे हैं. मेरे को बोला कि पापा को फोन लगाना और सबसे पहले चार बोलना. अब आप ही बताओ, हड्डी बाहर दिख री है और मैं चार बोलूँ? मेरे से तो नहीं बोला गया. सीधी बात बताने लगा तो भाईसाब फोन पटक देते हैं."

मी अस्पतालाचं नाव विचारून घेतलं, फोन ठेवला आणि तशीच उभी राहिले. सर अजून टेबलाखाली होते, त्यांची पाठ तेवढी दिसत होती. मला काय करावं ते सुचेना. मुन्नाला चार हवं होतं. पाय मोडून रस्त्यावर पडलेल्या माणसानं एवढी एकच गोष्ट मागितली होती, की बापाला धसका बसू नये. चार म्हटलं असतं, 'मुन्ना महूला थांबलाय, चला जरा' असं म्हणून त्यांना बसमध्ये बसवलं असतं, तर वाटेतला तास तरी बरा गेला असता. आणि ज्यानं मला आयुष्यात पहिल्यांदा नीट बसून ऐकलं, त्यालाच मी खोटा आकडा सांगितला असता. टेबलाखालून सर उठले, हात झटकले, माझ्याकडे पाहिलं.

"सर," मी म्हटलं, "सहा."

त्यांनी हातातली केबल खाली ठेवली. खुर्ची ओढली. बसले. "बोल बेटा."

मी सांगितलं. गाडी, घाट, पाय, महू. सरांचा चेहरा पांढरा पडला. मला ते बघवेना, म्हणून मी उरलेलं सांगून टाकलं.

"मुन्नाभियांनी चार सांगायला सांगितलं होतं, सर. पीसीओवाल्याला म्हणाले, आधी चार बोल."

"कोण म्हणालं?"

"मुन्नाभिया."

"स्वतः? अपघातानंतर?"

"हो, सर."

मग त्यांच्या छातीतून मोठा श्वास बाहेर पडला. "म्हणजे खोटं बोलण्याइतका शुद्धीवर आहे," ते म्हणाले आणि उठले.

त्यांनी मुलांना घरी पाठवलं, मेन स्विच बंद केला आणि जिना उतरले. परत वर आले नाहीत, मलाही पाठवलं नाही. इतका वेळ धीर धरला होता, पण हे पाहून मात्र मी घाबरले.

खाली शेठजींच्या दुकानातून त्यांनी घरी, म्हणजे शेजाऱ्यांकडे, फोन लावला आणि काकूंना बोलावून घेतलं. मी शेजारीच उभी होते. काकू आल्या असाव्यात, कारण सर एकदम म्हणाले, "चार. काही नाही, सगळं ठीक आहे. मुन्नाला यायला वेळ लागेल. मी जरा महूला जाऊन येतो. तू जेवून घे." फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही शेवेच्या बरण्यांकडे बघत राहिले.

सरवटे बसस्टँडवरून महूची बस मिळाली. राऊ येईपर्यंत सर तिकिटाची घडी घालत आणि उलगडत होते. मग सुरू झालं.

"कधी म्हणाला तो चार?"

"फोनच्या आधी, सर."

"फोनच्या आधी म्हणजे? लगेच आधी? त्या माणसानं दोनदा आधी पण फोन लावला होता ना. मी ठेवला. त्याच्या आधी तो मुन्नाजवळून पीसीओवर आला असेल. म्हणजे तो चार किती जुना?"

"सर, तो माणूस म्हणाला, जिंदा है."

"निघालं तेव्हाची गोष्ट आहे ती, बेटा. पाकीट निघतं तेव्हाची. पोचेपर्यंत मागे काय झालं ते पाकिटाला कुठे माहीत असतं?" त्यांनी खिशातून टेस्टर काढला होता आणि तो उगाचच समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्याला लावून बघत होते. "मीच ठेवला ना फोन. लाइन मोकळी पाहिजे म्हणून. त्याच्याचसाठी."

मी त्यांचा टेस्टरवाला हात धरला आणि महू येईपर्यंत धरून ठेवला. माझ्याच गावाचा तो रस्ता, पण त्या दिवशी संपता संपत नव्हता.

मुन्ना खाटेवर होता. पाय फळीला बांधलेला, तोंड राखेसारखं, कपाळावर वाळलेलं रक्त. डोळे मात्र उघडे. सरांना दारात पाहिल्याबरोबर तो म्हणाला, "बाबा, चार."

"गप्प बस," सर म्हणाले. "मला दिसतंय." आणि स्टुलावर बसून त्यांनी त्याच्या छातीवर डोकं टेकवलं. एवढा मोठा माणूस सगळ्या वॉर्डासमोर रडत होता आणि मुन्ना त्यांच्या पाठीवर थापटत होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

डॉक्टर म्हणाले, पाय वाचेल, पण आखूड होईल. जड गाडी विसरायची. सरांनी सगळं ऐकून घेतलं, दोन वेळा तेच विचारलं, आणि डॉक्टर गेल्यावर मुन्नाकडे वळले.

"आणि याआधीचे?"

"याआधीचे काय, बाबा?"

"याआधीचे चार."

मुन्नानं तोंड भिंतीकडे केलं. "काही खरे होते," तो म्हणाला. मग पुढे, "एकदा ब्रेक गेला होता. मग काय सांगणार? तुम्ही तिकडे क्लासमध्ये काय केलं असतं?"

सर आणखी काही विचारणार होते. पण दारात काकू उभ्या होत्या. एका हातात चादर, दुसऱ्या हातात डबा, डोळे कोरडे. आमच्या मागच्याच बसनं महूला उतरून त्यांनी सरळ अस्पताल गाठलं होतं. सर गडबडून उठले.

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कधी आपणहून सगळं ठीक आहे म्हणालात? न विचारता चार म्हणालात म्हटल्यावर मी तशीच निघाले." आणि त्यांनी मुन्नाच्या अंगावर चादर घातली.

नंतर मुन्ना काठी घेऊन क्लासमध्ये बसायला लागला. फोन तोच घ्यायचा, आणि सगळ्यांना खुशाल हॅलो म्हणायचा. प्रवेश वाढले, शेठजी खूश. सर आत बसून ऐकायचे आणि प्रत्येक हॅलोला दचकायचे. पण त्यांनी पुन्हा कुणाचा फोन आपटला नाही. शिकवताना मात्र लिफाफ्यावरच्या खुणेवर ते आता जास्त वेळ थांबत. "आतला आकडा माणूस काहीही लिहू शकतो," ते म्हणत, "बाहेर काय आहे तेही बघा."

मी पुढे पुण्याला नोकरीला लागले, नेटवर्कमध्येच. सहा आला, सरांना वाटलं होतं त्याच्या कितीतरी उशिरा, आणि त्यांना वाटलं होतं तसा अनर्थ काही झाला नाही. आता पडद्यावर चार आणि सहा शेजारी शेजारी वाहत असतात. मी अजून पहिला आकडा बघते. दर रविवारी मी सरांना फोन करते. काकू गेल्यापासून ते आणि मुन्ना दोघंच असतात. मी आधी माझा आकडा सांगते, मग विचारते, "कसे आहात, सर?" आणि ते म्हणतात, "विचारलंत म्हणून सांगतो, चार."

गेल्या रविवारी फोन बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला गेला. मी तोंड उघडण्याच्या आतच सरांचा आवाज आला, अगदी स्पष्ट, जवळजवळ आनंदी.

"चार. सगळं ठीक आहे, बेटा. चार."

मी हातातला कप खाली ठेवला आणि खुर्चीत बसले.

"सर," मी म्हटलं, "मी येते."

त्यांनी नको म्हटलं नाही.